ॲपमागची बँक कोणती?

नवा रायपूरमध्ये अंतरे पायी तोडण्याजोगी नाहीत. महानदी भवनातले, म्हणजे छत्तीसगडच्या मंत्रालयातले कितीतरी कर्मचारी आजही जुन्या रायपुरातून रोज ये-जा करतात. आयआयएम आणि ट्रिपल आयटीचे विद्यार्थी तर देशभरातून आलेले. त्यांचे मूळ खाते गावाकडच्या शाखेत आणि आयुष्य मोबाइलमध्ये. अशा शहरात शाखेचे तोंडही न पाहता चालणारी बँक कुणालाही हवीशी वाटेल. आधार, पॅन आणि व्हिडिओ-केवायसी झाले की काही मिनिटांत खाते उघडते. परदेशी जायचे असेल तर ‘विनिमय अधिभार शून्य’ असे सांगणारे कार्डही घरपोच येते. एरवी बँका परदेशातील खर्चावर दोन ते साडेतीन टक्क्यांपर्यंत अधिभार लावतात, हे पाहता मोह स्वाभाविकच आहे.

अडचण एवढीच, की भारतात ‘केवळ डिजिटल’ बँक अशी काही वस्तू कायद्याने अस्तित्वातच नाही. नीती आयोगाने नोव्हेंबर २०२१ मध्ये अशा बँकांसाठी वेगळ्या परवान्याचा मसुदा मांडला आणि जुलै २०२२ मध्ये अंतिम अहवाल दिला. आधी मर्यादित परवाना, मग नियामकाच्या देखरेखीखाली चाचणी आणि शेवटी पूर्ण परवाना, अशा त्यातल्या पायऱ्या होत्या. हाँगकाँगने २०१९ मध्ये आठ आणि सिंगापूरने २०२० मध्ये चार डिजिटल बँकांना मान्यता दिली होती. आपल्याकडे मात्र सरकार व रिझर्व्ह बँक यांनी दुसरी वाट धरली. १६ ऑक्टोबर २०२२ रोजी ७५ जिल्ह्यांत ७५ डिजिटल बँकिंग युनिट सुरू झाली. तीही विद्यमान बँकांचीच.

मग मोबाइलवर दिसते ते काय? एक तंत्रज्ञान कंपनी, आणि तिच्या आड परवानाधारक बँक. ठेव बँकेकडे, ग्राहक कंपनीकडे. ॲपचे नाव ठळक, बँकेचे बारीक अक्षरात. ज्युपिटर आणि फाय या दोन्ही ॲपनी बचत खात्यांसाठी फेडरल बँकेचाच हात धरला होता. त्यामुळे ‘पैसे दोन ठिकाणी विभागले’ असे समजून दोन्ही ॲप वापरणाऱ्याचे पैसे प्रत्यक्षात एकाच बँकेत होते. ठेव विमा महामंडळाचे पाच लाखांचे संरक्षण दर ठेवीदाराला दर बँकेमागे मिळते, दर ॲपमागे नव्हे. ही साधी बाब जाहिरातीत कुठेच नसते.

परदेशातल्या वापराचे खरे दुखणे जानेवारी २०२३ मध्ये दिसले. २३ तारखेला रिझर्व्ह बँकेने एसबीएम बँकेच्या भारतातील उपकंपनीला उदारीकृत प्रेषण योजनेखालील, म्हणजे रहिवासी व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत परदेशी खर्च वा गुंतवणूक करू देणाऱ्या योजनेतील, व्यवहार तत्काळ थांबवायला सांगितले. कारवाई बँकेवर होती. पण त्या बँकेच्या आधारावर नियोसारख्या ॲपनी दिलेली कार्डे परदेशात असलेल्या प्रवाशांच्या हाती अडखळली. पुढे काही मर्यादित मुभा मिळाली. तोवर विमानतळावर किंवा हॉटेलच्या काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला जो धडा मिळायचा तो मिळून गेला होता.

अमेरिकेत याहून वाईट घडले. तिथे ॲप आणि बँका यांच्या मधला दुवा असलेली सिनॅप्स ही कंपनी एप्रिल २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली. कोणाचे किती पैसे कोणत्या बँकेत आहेत, याचा हिशेबच जुळेना. साडेसहा ते साडेनऊ कोटी डॉलरची तूट असल्याचा अंदाज न्यायालयनियुक्त विश्वस्तांनी दिला. ठेव विमा कामी आला नाही, कारण बुडाली होती ती कंपनी, बँक नव्हे.

परवाना देण्यातली रिझर्व्ह बँकेची सावधगिरी समजण्यासारखी आहे. पेटीएम पेमेंट्स बँकेवर जानेवारी २०२४ मध्ये बंधने आली तेव्हा परवाना असूनही नियमपालन किती ढिले असू शकते हे दिसलेच. परंतु परवाना न दिल्याने डिजिटल बँका आल्या नाहीत, असे झालेले नाही. त्या मागच्या दाराने आल्या, आणि जबाबदारी मात्र दोन दारांच्या मधे राहिली. निदान मूळ बँकेचे नाव ॲपच्या पहिल्या पडद्यावर, ॲपच्या नावाइतक्याच अक्षरात असावे, एवढा नियम करायला नवा परवाना लागत नाही.

तोवर निवड करणाऱ्याने तोच प्रश्न आधी विचारावा: बँक कोणती? बँकांची संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर नेण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली होती, त्यामुळे खरी बँक ओळखणे आता थोडे सोपे आहे. रोजच्या चहा-भाजीसाठी कोणतेही यूपीआय पुरते. मात्र यूपीआय परदेशात सगळीकडे चालते, या समजुतीत राहू नये. सिंगापूरशी जोडणी २०२३ मध्ये झाली, फ्रान्स, श्रीलंका, मॉरिशसमध्ये २०२४ मध्ये सुरुवात झाली, तीही निवडक ठिकाणी. अनिवासी नातेवाइकांना त्यांच्या परदेशी क्रमांकावरून एनआरई वा एनआरओ खात्याचे यूपीआय वापरण्याची सोय आधी दहा देशांपुरती खुली झाली. म्हणून परदेशी निघताना ॲपचे कार्ड खुशाल घ्यावे, पण वेगळ्या बँकेचे दुसरे कार्ड वेगळ्या खिशात असू द्यावे.

आणि नवा रायपूरच्या हद्दीतल्या राखीसारख्या गावांचे काय? तिथल्या दुकानदाराला गल्ल्यातली रोख खात्यात भरायची असते. ते काम ॲप करत नाही.