थर टिकायचा तर आधी पत्रा पाहा

प्लास्टिक म्हणजे वीज अडवणारी वस्तू, असे आपण सर्वजण धरून चालतो. पण शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर या शास्त्रज्ञांनी १९७७ साली वीज वाहून नेणारे प्लास्टिक जगाला दाखवले. त्याबद्दल २००० साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९७९ साली आय.बी.एम.च्या संशोधकांनी पायरोल नावाच्या द्रवापासून प्लॅटिनमवर असाच थर विजेने चढवला.

आपल्यातील जे बांधव प्लेटिंगच्या कामावर आहेत, त्यांना हे चटकन कळेल. निकेल चढवताना वस्तू विजेच्या ऋण टोकाला जोडतात. इथे ती धन टोकाला असते. तिथे पायरोलचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि काळा थर धरतो.

मात्र थर कसा धरणार, हे खालच्या धातूवर ठरते. पत्रा ठोकला, वाकवला की त्यातील अणूंची नीट रचना विस्कटते. लोखंडी खिळा गंजतो तो आधी डोक्याशी आणि टोकाशी, कारण कारखान्यात तिथेच तो ठोकलेला असतो. थर चढवतानाही लोखंड अशा जागी आधी विरघळू पाहते. म्हणून काही वेळा द्रावणात ऑक्झॅलिक आम्ल घालतात. त्याने लोखंडावर प्रथम एक पातळ संरक्षक पापुद्रा येतो, मग त्यावर थर बसतो.

ओरखड्याच्या कडेवर आणि उंचवट्यावर वीज एकवटते. तिथे थर जाड, फुलकोबीसारखा गाठाळ होतो. शेजारी पातळ राहतो. मग सगळा पत्रा आरशासारखा करावा का? तसेही नाही. सारखी, बारीक खरखर थराला पकड देते. घात करतात ते खोल ओरखडे आणि तेलाचे डाग.

थर चढल्यावर पत्रा वाकवला तर धातू ताणला जातो, थर तडकतो आणि फटीतून पाणी शिरून गंज सुरू होतो. म्हणून आधी आकार द्यावा, मग घासावे, धुवावे आणि शेवटी थर चढवावा.

पत्रा घासणाऱ्या कामगाराला 'नुसता घासणारा' म्हणून कमी लेखतात. पण प्रयोगशाळेतला नवा थरसुद्धा त्याच घासण्यावर उभा असतो. आय.टी.आय.त शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हे काम हलके मानू नये. त्यामागचे शास्त्र समजून घ्यावे, आणि घासताना तोंडाला मास्क, डोळ्याला चष्मा लावायला विसरू नये.