हवेचा हिशेब – लेखांक ७ : बंदीच्या दिवसाची हजेरी

मागच्या लेखांकात हवा गुणवत्ता निर्देशांकाचा आकडा कसा निघतो ते पाहिलं. हा आकडा दोनशेच्या वर राहिला तर काय होतं, ते भायखळ्याने पाहिलेलं आहे. ३० डिसेंबर २०२४ रोजी मुंबई महापालिका आयुक्त भूषण गगराणी यांनी भायखळा आणि बोरिवली पूर्व या दोन भागांतली सगळी बांधकामं थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. निर्णय योग्यच होता. बांधकामाची धूळ सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त खातो तो तिथला मजूरच, त्यामुळे बंदी त्याच्याही फुप्फुसांच्या भल्याची होती. पण हजेरी बुडाली तीही त्याचीच. बिल्डरचा प्रकल्प दहा दिवसांनी लांबतो. नाक्यावरून उचललेल्या माणसाच्या घरी त्याच संध्याकाळी किराण्याचा प्रश्न उभा राहतो.

माझं म्हणणं एवढंच आहे, की हवा सुधारण्याचा आदेश जो काढतो त्याने त्या आदेशाचा भार कोण उचलणार तेही त्याच कागदावर लिहावं. ते लिहिलं नाही तर भार आपोआप सगळ्यात खालच्या माणसावर येऊन पडतो.

यासाठी पैसा नाही असंही नाही. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली कायदे झाले आणि बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर त्यांच्या कल्याणासाठी गोळा होऊ लागला. लालबाग-परळमध्ये चाळींच्या आणि गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांचा बांधकाम खर्च डोळ्यांसमोर आणा, म्हणजे एक टक्का म्हणजे काय ते कळेल. दिल्लीत हवा बिघडून बांधकामं थांबली तेव्हा नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच निधीतून मजुरांना निर्वाहभत्ता द्यायला सांगितलं. डिसेंबर २०२४ मध्ये तिथे नोंदणीकृत मजुराला आठ हजार रुपये देण्याची वेळ आली तीही न्यायालयाच्याच रेट्यामुळे. मुंबईत बंदीचा नियम आला. त्याला जोडून भत्त्याचा नियमही यायला हवा.

अडचण आहे ती ‘नोंदणीकृत’ या शब्दात. महाराष्ट्राच्या कल्याणकारी मंडळात नाव घालायचं तर वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. नाका कामगाराला आज एक मुकादम नेतो, उद्या दुसरा. त्याला दाखला देणार कोण? इथे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि महापालिका खरोखर उपयोगी पडू शकतात. त्यांची पथकं एरवीही साइटवर जातात, हिरवं कापड आहे का, पाणी मारलं जातं का, पत्रे किती उंच आहेत, ते बघतात. त्याच फेरीत हजेरीपट मागावा, नावं उतरवून घ्यावीत आणि यादी कामगार विभागाकडे पाठवावी. मग बंदीच्या दिवशी पैसे कोणाला द्यायचे हे शोधत बसावं लागणार नाही.

लालबाग-परळच्या गिरणगावाला हा विषय नव्याने समजावून सांगायला नको. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, पुढे एकेक गिरणी कायमची बंद पडत गेली आणि चिमण्यांचा धूर थांबला. आकाश मोकळं झालं, पण त्याची किंमत अडीच लाख कामगारांच्या घरांनी मोजली. तो हवेसाठी घेतलेला निर्णय नव्हता हे खरं. तरी धूर थांबला म्हणजे वस्तीचं भलं झालं, असं या भागात कोणी सरसकट म्हणू नये.

आदेशाचा भार कोण उचलणार, हाच प्रश्न बेकऱ्यांचाही आहे. ९ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनावर नेण्याचा आदेश दिला. या भट्ट्यांत बऱ्याचदा भंगारातलं लाकूड जळतं : पाडलेल्या घरांचे दरवाजे, मोडकं फर्निचर, प्लायवूड. ते स्वस्त पडतं, आणि त्याच्यावरचा रंग, पॉलिश, डिंक सगळा धुरात जातो. भट्टीसमोर रात्रभर पावाच्या लाद्या आत-बाहेर करणारा आणि वरच्या पोटमाळ्यावर झोपणारा कारागीर तो धूर आधी घेतो. भट्टी बदलायलाच हवी, यात मला शंका नाही.

पण जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या बेकरीला भट्टी बदलणं म्हणजे विटांची भट्टी फोडणं, नवा ओव्हन घेणं, पगडीची जागा असेल तर मालकाची संमती मिळवणं, गल्लीपर्यंत पाइप नसेल तर रस्ता खणण्याची परवानगी येईस्तोवर थांबणं, आणि एवढं होईपर्यंत कारागिरांचा पगार चालू ठेवणं. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची २०२० पासूनची योजना आहे. तिच्यात कर्जाला जोडून प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. महाराष्ट्रात ती कृषी विभाग राबवतो. गिरगावातल्या बेकरीवाल्याला अनुदानासाठी कृषी खात्याकडे जावं, हे कोणी सांगितल्याशिवाय सुचणार तरी कसं? नियम आणि मदत एकत्र देता येतात : लंडनने २०२३ मध्ये जुन्या गाड्यांवरचं शुल्क शहरभर लागू केलं, तेव्हा गाडी मोडीत काढणाऱ्यांना पैसे देण्याची योजनाही सोबत ठेवली होती.

भट्टी बदलण्याचा खर्च बेकरीने सोसला नाही, तर तो पावाच्या भावात उतरतो. परळला केईएम, वाडिया, टाटा रुग्णालयांच्या बाहेर महिनोन्महिने राहणारे पेशंटचे नातेवाईक बरेचदा वडापाव नाहीतर चहापावावर दिवस काढतात. वाढलेला भाव पहिल्यांदा त्यांना लागेल. म्हणून नोटीस देणाऱ्या अधिकाऱ्याने सोबत अनुदानाचा अर्ज, बँकेचं नाव आणि गॅस जोडणीची तारीखही द्यावी, आणि मुदत मोजायची ती त्या जोडणीच्या तारखेपासून.