ओढणाऱ्या गाडीचें आयुष्य

पुण्याहून अहिल्यानगरकडे जातांना, शिरूरपाशीं घोडनदी ओलांडल्यावर, पारनेर तालुक्यांतील सुपा हें गांव लागतें. हमरस्त्यावर वाहनांची वर्दळ मोठी, शेजारींच औद्योगिक वसाहत. त्यामुळें बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणें हाही येथें एक धंदा होऊन बसला आहे.

आमचा एक जुना विद्यार्थी ह्याच धंद्यांत शिरूं पाहत होता. एके संध्याकाळीं तो घरीं येऊन म्हणाला, "गुरुजी, एक जुनी पिकअप मिळते आहे. इंजिन घड्याळासारखें चालतें. बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून घ्यावी म्हणतों. किती वर्षें टिकेल, तें तुम्हीच सांगा."

आम्ही जन्मभर मुलांकडून शब्दरूपें घोकून घेतलीं. मोटारींतलें आम्हांस काय कळणार? परंतु पाटल्यांचें नांव ऐकून स्वस्थ बसवेना. दुसऱ्या दिवशीं एका वाकबगार मिस्त्रीस बरोबर घेऊन आम्ही गाडी पाहावयास गेलों.

मिस्त्रीनें इंजिनाकडे ढुंकूनही पाहिलें नाहीं. तो थेट गाडीखालीं शिरला. मागच्या हूकपाशीं चासीवर ताजा काळा रंग होता, तो त्यानें खरवडला आणि आम्हांस वाकून पाहावयास सांगितलें. जुन्या वेल्डिंगच्या कडेनें केसासारखी भेग गेलेली होती.

वाहणें आणि ओढणें ह्या दोन क्रिया आपण एकच समजतों, ही मूळ चूक आहे. आपल्याकडील पिकअप ही मुख्यतः सव्वा ते दोन टन माल पाठीवर वाहण्यासाठीं बांधलेली असते. अमेरिकेंत फोर्ड, शेवरोलेट, रॅम ह्यांच्या अवजड पिकअप ओढण्याच्या कामासाठींही बांधतात. तेथें पाठीवर किती आणि मागें किती, हे दोन आंकडे कारखानदार निरनिराळे सांगतो. हूकास उचलून लावलेलें वजन मागच्या आंसाच्याही पलीकडे पडतें. तराजूच्या दांडीप्रमाणें मागची बाजू दबते, पुढची हलकी होते; मग स्टिअरिंग नीट ऐकत नाहीं आणि पुढच्या चाकांचे ब्रेक पुरते धरत नाहींत. गाडी हलवतांना क्लचप्लेट जळते. उतारावर तर एका गाडीच्या ब्रेकांस दोन गाड्या आवराव्या लागतात.

१८४२ सालीं पॅरिसजवळ व्हर्सायच्या लोहमार्गावर इंजिनाचा आंस तुटून भीषण अपघात झाला. पुढें जर्मनींत व्योलर नांवाच्या अभियंत्यानें आगगाडीच्या आंसांवर वर्षानुवर्षें प्रयोग केले. त्यांतून असें दिसून आलें कीं, जो भार पोलाद एकदां सहज पेलतें, तोच लाखों वेळां पडला तर तें तुटतें. आणि भार थोडा कमी केला, तर आयुष्य कित्येक पटींनीं वाढतें.

संस्कृतांत 'धुर्' म्हणजे जूं. तें धारण करणारा तो धुरंधर. पण धुरंधर बैलही दमला कीं बसतो, आणि धन्यास कळतें. लोखंडास बसतां येत नाहीं. तें मुकाट्यानें सोसतें आणि एके दिवशीं तुटतें.

म्हणून जुनी गाडी घेणाऱ्यानें आधीं हूकाजवळची चासी, मग कमानीचे पाटे, क्लच व ब्रेक पाहावे, इंजिन शेवटीं. सरकारी योग्यता-प्रमाणपत्र गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनीं आणि पुढें दरवर्षीं घ्यावें लागतें. परंतु तें तपासणीच्या दिवसाची साक्ष देतें. दुसऱ्या दिवशीं हूकास काय लावलें, त्याची नव्हे.

पाटल्या हातांतच राहिल्या. वर्षभरानें साठवलेल्या पैशांतून आणि थोड्या कर्जांतून त्यानें दुसरी गाडी घेतली. भरलेला ट्रक ओढण्याचें बोलावणें आलें, कीं तो क्रेनवाल्याचा नंबर देतो. त्या दिवसाची कमाई बुडते, हें खरें. पण रात्रीं तो घरीं येतो.

ज्यांच्या घरीं असा व्यवसाय आहे, त्या मंडळींनीं 'आज किती मिळवलें' ह्याच्या आधीं 'आज किती ओढलें' हें विचारावें, इतकेंच आमचें सांगणें आहे.