तालुक्याची वेस, दूरची किल्ली

यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके. वणी-झरीच्या कोळसापट्ट्यापासून पैनगंगेकाठच्या उमरखेडपर्यंत पसरलेल्या या जिल्ह्यात आज सातबारा, दस्त नोंदणी, रेशन, कोषागाराची बिले, सगळेच तारेवरून चालते. त्याचा पाया 2005 साली घातला गेला. राज्यव्यापी नेटवर्कसाठी केंद्राने त्या वर्षी देशभराकरिता 3,334 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. महाराष्ट्रात त्यातून मंत्रालय, विभाग, जिल्हा आणि तालुका अशी साखळी उभी राहिली. तार तालुक्यापर्यंत गेली; पण त्या तारेच्या टोकावर पहारा करणारा जाणकार मात्र शहरातच राहिला, आणि खरी अडचण तिथेच आहे.

फायरवॉल म्हणजे जुन्या गावाची वेस. कोण आत येणार, कोण बाहेर जाणार, हे तिच्यावरचे नियम ठरवतात. नियम वरून खाली वाचले जातात, जो आधी लागू पडेल तो चालतो, आणि नीट लावलेल्या यादीत शेवटचा नियम असतो: बाकी सगळे बंद. नव्या फायरवॉल-बॉक्सवर ही यादी स्वच्छ असते. मग कुणा व्हेंडरला दुरुस्तीसाठी बाहेरून यायचे असते, दोन दिवसांपुरता एक नियम उघडला जातो आणि तो वर्षानुवर्षे उघडाच राहतो. फर्मवेअर जुने होते. यवतमाळहून उमरखेड शंभर किलोमीटरहून दूर. एवढ्यासाठी गाडी काढून कोण जाणार? म्हणून सगळे बॉक्स एका मध्यवर्ती व्यवस्थापनाला जोडणे हा अशा जिल्ह्यासाठी चैनीचा प्रश्न नाही. माझ्या मते मोठ्या शहरापेक्षा इथेच त्याची गरज जास्त आहे.

जोडणीचे काम वरवर तासाभराचे दिसते. इंजिनिअर कन्सोल केबल लावतो, आयपी पत्ता देतो, मध्यवर्ती व्यवस्थापन केंद्राचा पत्ता भरतो. केंद्रावर त्या बॉक्सचा सीरियल नंबर नोंदवलेला असतो. दोन्हीकडे एकच नोंदणी-किल्ली टाकली की प्रमाणपत्रांची देवाणघेवाण होते आणि कूटबद्ध वाहिनी उघडते. तिच्यासाठी फोर्टिनेटमध्ये 541, पालो आल्टोमध्ये 3978, सिस्कोमध्ये 8305 हा पोर्ट मोकळा लागतो. सगळे बरोबर भरूनही जोडणी होत नसेल तर आधी घड्याळ बघावे. वीज वारंवार जाते, आतली बॅटरी संपलेली असते, बॉक्स काही वर्षे मागच्या तारखेत उठतो आणि आजचे प्रमाणपत्र त्याला ‘अजून सुरू न झालेले’ वाटते.

त्याहून नाजूक क्षण पुढे येतो. चालू बॉक्स जोडताना त्यावरचे नियम आधी केंद्रात आणून घ्यावे लागतात. ते न करता केंद्रातली कोरी पॉलिसी पुश केली, तर तालुक्यातले चालू काम तिथल्या तिथे बंद पडते. पुश केलेल्या बदलाने केंद्राशी असलेला दुवाच तुटला, तर बॉक्सने आपोआप जुन्या नियमांवर परतावे अशी सोय अनेक कंपन्या देतात. ती सुरू आहे का, हे आधी तपासायचे.

नियमांइतकेच मोल लॉगचे, म्हणजे काय आत आले, काय बाहेर गेले याच्या नोंदींचे. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट 2018 मध्ये हल्ला झाला. एटीएम व्यवहारांना परवानगी देणाऱ्या स्विचच्या जागी बनावट यंत्रणा उभी करून 28 देशांतून पैसे काढले गेले आणि सुमारे 94 कोटी रुपये गेले. पैसे शनिवारी, 11 तारखेला काढले. सोमवारी पुन्हा स्विफ्टमार्फत हाँगकाँगला पाठवले. मधल्या रविवारी कुणाचे लक्ष कुठे होते, हा प्रश्न प्रत्येक छोट्या बँकेने स्वतःला विचारावा. रिझर्व्ह बँकेने त्याच वर्षी ऑक्टोबरात नागरी सहकारी बँकांसाठी मूलभूत सायबर सुरक्षा चौकट काढली. पुढे 2019 च्या अखेरीस बँकांचे चार स्तर पाडून वरच्या स्तराला सुरक्षा देखरेख केंद्र सांगितले. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार लॉग 180 दिवस जपायचे, घटना सहा तासांत कळवायची आणि घड्याळे प्रमाणवेळेशी जुळवायची. सोळा ठिकाणच्या सोळा बॉक्समध्ये विखुरलेल्या लॉगमधून सहा तासांत काय शोधणार? ते एकत्र हवेतच.

पण सगळ्या वेशींची किल्ली एका जागी ठेवली की चोर त्याच जागी येणार. ऑक्टोबर 2024 मध्ये फोर्टिमॅनेजर या मध्यवर्ती व्यवस्थापनातलीच उणीव उघड झाली. ओळख न तपासता आदेश चालवता येत होते, आणि जूनपासूनच हल्लेखोर जोडलेल्या फायरवॉलची मांडणी उचलून नेत होते. आपला बनावट बॉक्स त्यांनी केंद्राला जोडून घेतला होता. म्हणून अनोळखी सीरियल नंबरला नकार हवा, केंद्र खुल्या इंटरनेटवर नको, आणि प्रशासकाला नुसत्या पासवर्डवर आत घेऊ नये.

केंद्राशी संपर्क तुटला तरी तालुक्यातला बॉक्स शेवटच्या मिळालेल्या नियमांवर पहारा देत राहतो. त्या काळात तो कुणी तरी जागेवर जाऊन बघितला पाहिजे. टेंडरमध्ये बॉक्सची किंमत असते, परवान्यांचे नूतनीकरण असते, एएमसी असते. त्यातच जिल्ह्याच्या ठिकाणी एक शिकवलेला माणूस, त्याच्या ताब्यात प्रत्येक बॉक्सच्या मांडणीची ताजी प्रत, सीलबंद स्थानिक पासवर्ड आणि पुसद-उमरखेडला जाण्यासाठी गाडी, एवढे लिहून घेतले पाहिजे.