डेटा सेंटरच्या आतले रस्ते



बाजारात भाजीच्या पाटीजवळ गिऱ्हाईक फोन धरतं आणि छोटी डबी बोलते, ‘चाळीस रुपये मिळाले.’ दोन-चार सेकंदांचं काम. पण तेवढ्यात काय काय झालं, बघा. फोनचा निरोप टॉवरवर गेला. टॉवरवरून जमिनीखालच्या काचेच्या तारेतून शहरात गेला. तिथे गिऱ्हाइकाच्या बँकेच्या संगणकाने शिल्लक पाहिली, आपल्या बँकेच्या संगणकाने जमा नोंदवली आणि उत्तर परत आलं. हे संगणक ज्या मोठ्या इमारतीत ठेवतात, तिला डेटा सेंटर म्हणतात.

अशा इमारती आपल्या राज्यातच आहेत. ऐरोली, रबाळे, महापे, पनवेल या बाजूला गेलात, तर खिडक्या नसलेल्या उंच इमारती दिसतील. देशातल्या डेटा सेंटरच्या क्षमतेत मुंबई आणि नवी मुंबईचा वाटा सगळ्यांत मोठा आहे. बँकांची मुख्य कार्यालयं मुंबईत आहेत. परदेशातून समुद्राच्या तळावरून येणाऱ्या तारा मुंबईत वर्सोव्याच्या बाजूला किनाऱ्याला लागतात. शिवाय रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये सांगितलं, की देशातल्या पैशांच्या देवघेवीची माहिती देशातच साठवायची. त्यातच यूपीआयचे व्यवहार ऑगस्ट २०२३ मध्ये पहिल्यांदा एका महिन्यात १००० कोटींच्या वर गेले. एवढा हिशोब ठेवायचा, तर जागा लागणारच.

आता या इमारतींमधल्या एका वस्तूची मागणी जगभर विलक्षण वाढली आहे. ती वस्तू म्हणजे संगणकांना एकमेकांशी जोडणारी वेगवान यंत्रं. आज ती समजून घेऊ, कारण त्यामागे वीज आहे, पाणी आहे, पैसा आहे आणि आपल्या गावचं नेटही आहे.

आत काय असतं?

डेटा सेंटरच्या आत उंच लोखंडी कपाटांच्या रांगा असतात. प्रत्येक कपाटात संगणक थाळ्यांसारखे एकावर एक रचलेले. त्यांना सर्व्हर म्हणतात. त्यांच्याबरोबर एक चपटी पेटी असते, तिला पुढून तारा लावायची ओळीने भोकं असतात. ही पेटी म्हणजे स्विच.

स्विचचं काम एसटी स्टँडसारखं आहे. कुठल्या गावाहून आलात, कुठे जायचंय, त्याप्रमाणे गाडी बदलून द्यायची. निरोप किंवा फोटो पाठवला, की त्याचे लहान लहान तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यावर पत्ता असतो. स्विच तो पत्ता वाचतो आणि तुकडा बरोबर तारेवर सोडतो. असे कोट्यवधी तुकडे एका सेकंदात.

तारा दोन प्रकारच्या. जवळच्या जवळ तांब्याची तार चालते. पण वेग फार वाढला, की तांब्यातला संदेश क्षीण होतो. आजच्या सगळ्यांत वेगवान जोडण्यांना साधी तांब्याची तार दोन-तीन मीटरच पुरते. त्यापुढे केसाएवढ्या बारीक काचेच्या तंतूतून प्रकाश सोडावा लागतो. विजेचा संदेश प्रकाशात आणि प्रकाशाचा पुन्हा विजेत करणारी बोटाएवढी वस्तू तारेच्या दोन्ही टोकांना असते, तिला ट्रान्सीव्हर म्हणतात. एका मोठ्या केंद्रात अशा वस्तू हजारोंनी लागतात. म्हणून ‘नेटवर्कची मागणी वाढली’ म्हणजे स्विच, ट्रान्सीव्हर आणि काचेची तार या तिन्हींची मागणी वाढली.

वेग किती वाढला?

संगणक जोडण्याची आज सर्वत्र वापरली जाणारी पद्धत म्हणजे इथरनेट. ती १९७३ मध्ये अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्स यांनी काढली. १९८३ मध्ये तिचा ठरलेला वेग होता सेकंदाला १० मेगाबिट. २०१० मध्ये १०० गिगाबिटचं मानक झालं, २०१७ मध्ये ४०० गिगाबिटचं आणि २०२४ मध्ये ८०० गिगाबिटचं. म्हणजे एक्केचाळीस वर्षांत वेग ऐंशी हजार पट झाला. फोनमध्ये २ जीबीचा एखादा सिनेमा उतरवायला किती वेळ लागतो, आठवा. ८०० गिगाबिटच्या एका तारेतून असे पन्नास सिनेमे एका सेकंदात जातील.

या क्षेत्रात बायकांचंही मोठं काम आहे. जाळं वाढलं, की निरोप एकाच वर्तुळात गरगर फिरत राहायचा आणि सगळं तुंबायचं. रेडिया पर्लमन या अमेरिकन संगणकतज्ज्ञ बाईंनी १९८५ मध्ये त्यावर तोड काढली. स्विचनी आपसांत बोलून झाडाच्या फांद्यांसारखी वाट ठरवायची, म्हणजे वर्तुळ उरत नाही. आज मोठ्या केंद्रांना स्विच पुरवणाऱ्या अरिस्ता या कंपनीच्या प्रमुख जयश्री उल्लाल आहेत. त्यांचं शालेय शिक्षण दिल्लीत झालं आणि २००८ पासून त्या ही कंपनी चालवतात.

मग आताच एवढी घाई का?

पूर्वी डेटा सेंटरचं काम मुख्यतः असं होतं: बाहेरून कुणी काही मागितलं, ते शोधून पाठवून द्यायचं. तेव्हाही बरीचशी ये-जा आतल्या आतच चालायची. सिस्को कंपनीच्या काही वर्षांपूर्वीच्या अंदाजात एकूण वाहतुकीतली सुमारे तीन चतुर्थांश वाहतूक केंद्राच्या आतलीच होती. साधी गोष्ट आहे. पाहुण्याच्या ताटात एक वाटी आमटी जाते, पण त्यासाठी स्वयंपाकघरात किती फेऱ्या होतात!

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांसमोर आलं आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची शर्यत लागली. विचारलं की उत्तर देणारा हा संगणक आधी शिकवावा लागतो. ते शिकवणं एका संगणकाच्या आवाक्यातलं नाही. हजारो चिप एकाच वेळी एकच काम करतात. कसं, ते आपल्या ग्रामसंघावरून सहज कळेल.

समजा ग्रामसंघात वीस गट आहेत. प्रत्येक गट आपल्या वहीतली बचत आणि कर्जाची बेरीज करतो. मग वीसही गटांच्या बेरजा ग्रामसंघाकडे येतात, त्यांचा मेळ बसतो आणि नवा आकडा सगळ्यांना परत जातो. तो आकडा हाती आल्याशिवाय पुढच्या महिन्याचं काम कुणालाच सुरू करता येत नाही. एकोणीस गटांच्या वह्या वेळेवर आल्या आणि एक वही वाटेत अडकली, तर एकोणीस गट बसून राहतात.

चिपचं अगदी असंच आहे. प्रत्येक चिप आपल्या वाट्याचं गणित करते, सगळ्यांची उत्तरं एकत्र होतात आणि सुधारलेले आकडे सगळ्यांना परत जातात. मगच पुढची फेरी. अशा फेऱ्या लाखो होतात. गट वीस नसतात, वीस-वीस हजार असतात. मेटा, म्हणजे फेसबुक आणि व्हॉट्सॲपची मालक कंपनी. तिने मार्च २०२४ मध्ये आपल्या दोन केंद्रसमूहांची माहिती दिली. प्रत्येकात २४,५७६ चिप, आणि जोडणीचा वेग ४०० गिगाबिट.

आता यातला पैशाचा हिशोब बघा. एकेका चिपची किंमत लाखो रुपये. ती वाट पाहत बसली, तर तो पैसा नुसता पडून राहतो. मेटाच्या अभियंत्यांनी २०२२ मध्ये सांगितलं होतं, की अशा कामांत सरासरी एक तृतीयांश वेळ नेटवर्कची वाट पाहण्यात जातो. महिनाभर मजूर लावले आणि दहा दिवस ट्रॅक्टरची वाट बघण्यात गेले, असा हा प्रकार. अशा वेळी जास्त मजूर लावून उपयोग नसतो, आधी रस्ता नीट करावा लागतो. म्हणून कंपन्या आतल्या रस्त्यावर खर्च करायला तयार झाल्या.

चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने हे लवकर ओळखलं. तिने २०२० मध्ये मेलानॉक्स ही जोडणीची यंत्रं बनवणारी इस्रायली कंपनी सुमारे ७ अब्ज डॉलरना विकत घेतली. जुलै २०२५ मध्ये संपलेल्या तिमाहीत एनव्हिडियाची नुसत्या नेटवर्कच्या यंत्रांची विक्री सुमारे ७.३ अब्ज डॉलर झाली. आपल्या पैशांत साठ हजार कोटींहून जास्त, तीन महिन्यांत! आदल्या वर्षाच्या जवळजवळ दुप्पट.

वीज आणि पाणी

वेगाची किंमत विजेत मोजावी लागते. चिप जितक्या जवळ, तितकी जोडणी सोपी, म्हणून एकाच कपाटात जास्तीत जास्त चिप कोंबतात. एनव्हिडियाच्या एका नव्या कपाटात ७२ चिप आहेत आणि त्यांना जोडणाऱ्या तांब्याच्या तारा पाच हजारांहून जास्त. हे एक कपाट सुमारे १२० किलोवॅट वीज घेतं. आपला पाच एचपीचा शेतीपंप साधारण पावणेचार किलोवॅटचा. म्हणजे एक कपाट आणि बत्तीस पंप सारखेच. पंप काही तास चालतो, कपाट दिवसरात्र चालतं.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२५ च्या अहवालात म्हटलं, की २०२४ मध्ये जगातली सुमारे दीड टक्का वीज डेटा सेंटरना लागली, आणि २०३० पर्यंत हा वापर दुपटीहून जास्त होईल. शिवाय ही वीज शेवटी उष्णता होते. ती काढायला काही केंद्रांत पाण्याची वाफ होऊ देतात, तिथे पाणी खूप लागतं. काही ठिकाणी तेच पाणी बंद नळ्यांतून फिरवतात, तिथे कमी लागतं. म्हणून आपल्या भागात असं केंद्र येणार असं कानावर आलं, तर तीन गोष्टी विचारायच्या. पाणी किती आणि कुठून घेणार? वीज कुठून आणणार, त्यासाठी नवीन वाहिनी कुणाच्या शेतातून जाणार? आणि बांधकाम संपल्यावर कायम नोकऱ्या किती, कोणत्या? शेवटचा प्रश्न सोडू नका. ही केंद्रं बांधताना माणसं पुष्कळ लागतात, चालवताना थोडी लागतात.

आपल्या गावची तार

आता सगळ्यांत महत्त्वाचं. डेटा सेंटरच्या आतला रस्ता ८०० गिगाबिटचा झाला, तरी आपल्या गावात ‘नेट नाही, उद्या या’ हे वाक्य ऐकू येतंच. सातबाऱ्याला ऐकू येतं, अंगठा लावायला गेलं की ऐकू येतं. एक मजुरी बुडते, रिक्षाचे पैसे वाया जातात. तेव्हा कुठला रस्ता अडलाय, हे ओळखता आलं पाहिजे. शेजारच्या गावातही तेच काम अडलं असेल आणि फोनवर बाकी सगळं चालत असेल, तर अडचण बहुधा वरच्या सर्व्हरची. पण आपल्याच गावात काहीच चालत नसेल, तर गावाची तार किंवा टॉवर बघायचा.

गावापर्यंत तार आणायची योजना आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये ती मंजूर केली, तिचं आजचं नाव भारतनेट. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना काचेच्या तारेने जोडायचं, असा तिचा मूळ हेतू. आपल्या राज्यात त्याच कामाचा एक भाग महानेट म्हणून झाला. बऱ्याच ठिकाणी तार आली, पेटी बसली. पण रस्त्याच्या कामात जेसीबीने तार तुटली, किंवा वीज गेल्यावर पेटीची बॅटरी चालली नाही, की सगळं ठप्प. आतल्या रस्त्यावर हजारो कोटी खर्च होतात, कारण तिथे एक सेकंद वाया गेला तरी कुणीतरी तो मोजतो. आपल्या गावात वाया गेलेला दिवस कुणी मोजत नाही. तो आपणच मोजायला हवा.

म्हणून गटाच्या वहीत एक पान याला द्या. कुठल्या तारखेला नेट बंद, किती वेळ, कुठलं काम अडलं, कितीजणींची फेरी वाया गेली. तीन महिन्यांचं असं पान ग्रामसभेत ठेवलं, की बोलणं वजनदार होतं. ग्रामपंचायतीत भारतनेटची पेटी चालू आहे का, बंद असेल तर तक्रार कधी नोंदवली, हे विचारायचा आपल्याला अधिकार आहे.

आणि आपल्या लेकींसाठी एक गोष्ट. काचेची तार आपल्याकडेही बनते. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्रा आणि वाळूजला तिचे कारखाने आहेत. तुटलेली तार जोडणं हे नाजूक हातांचं काम आहे. काचेची दोन टोकं साफ कापायची आणि यंत्रात धरून वितळवून एकजीव करायची. ऑप्टिकल फायबर स्प्लायसर आणि टेक्निशियन असे त्याचे कौशल्य प्रशिक्षणाचे अभ्यासक्रम आहेत. डेटा सेंटरला हे काम लागतं आणि प्रत्येक तालुक्यालाही लागतं. दहावी-बारावी झालेली मुलगी घरात असेल, तर जवळच्या आयटीआयमध्ये किंवा कौशल्य केंद्रात चौकशी करा. मोटर वाइंडिंग आणि ड्रोन शिकलेल्या मुली आपण पाहिल्या आहेत, मग काचेची तार जोडणारी का नको?

येत्या बैठकीत हे वाचून दाखवा आणि ते पान त्याच दिवशी सुरू करा. पहिली तारीख घाला, म्हणजे सुरुवात झाली.