बारनिशी नसलेले दफ्तर

ज्या कचेरीत माझ्या नोकरीची पहिली वर्षे गेली, तेथे बाहेरून येणारा प्रत्येक कागद प्रथम बारनिशीत थांबे. त्यावर तारखेचा शिक्का उमटे, आवक नोंदवहीत त्याला क्रमांक मिळे, आणि मगच तो संबंधित टेबलाकडे रवाना होई. त्या दिरंगाईविषयी आम्ही तक्रार करीत असू. परंतु गेल्या तीस वर्षांकडे मागे वळून पाहताना वाटते की, आमच्या चित्ताचे रक्षण त्या दिरंगाईनेच केले होते.

15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, आणि पुढे काही वर्षांनी आमच्या घरी संगणक आला. मोडेमच्या कर्कश शिट्ट्यांनंतर जोडणी मिळे. ती असेपर्यंत घरचा फोन अडकून राही, आणि वेळेबरोबर देयकही चढत असल्यामुळे काय पाहावयाचे ते कागदावर टिपून घेऊनच मी संगणकापुढे बसत असे. बारनिशी तेव्हाही होती. ती तारेच्या दारिद्र्याने चालविली होती, इतकेच.

ब्रॉडबँडने ती मोडली. 2006 साली एझा रास्किन या अमेरिकी रचनाकाराने अंतहीन स्क्रोलची युक्ती काढली, तिच्यामुळे पान संपण्याच्या आतच पुढचा मजकूर आपोआप वर येऊ लागला, आणि पुढे जावे की उठावे हे ठरविण्यासाठी वाचकाला जो एक क्षण मिळत असे, तो क्षणच नाहीसा झाला. त्या युक्तीबद्दल खुद्द रास्किन यांनी पुढे जाहीर खंत व्यक्त केली आहे. 2016 नंतर डेटा इतका स्वस्त झाला की खर्चाचा लगामही उरला नाही. त्या वर्षांत माझी आई संध्याकाळी आपल्या माहेरच्या गोष्टी सांगत बसे, आणि मी पडद्यावर नजर ठेवून हुंकार भरीत असे. तिने काय सांगितले ते आज मला आठवत नाही. आणि ते पुन्हा विचारावे, तर ती आता नाही.

विख्यात संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी सुमारे पंधरा वर्षे ई-मेल वापरून 1 जानेवारी 1990 पासून तो कायमचा सोडला, हे मी फार उशिरा वाचले. प्रथम वाटले, एवढी सवलत थोर प्राध्यापकांनाच परवडावी. परंतु त्यांनी पत्रव्यवहार तोडला नव्हता; आलेली पत्रे साठू देऊन ती सवडीने एकत्र हातावेगळी करण्याचा प्रघात त्यांनी ठेवला होता. ही तर आमची बारनिशीच! तेव्हापासून मी सकाळी दहा आणि दुपारी चार, अशा टपालाच्या दोन वेळा मुक्रर केल्या, आणि मोबाइलच्या सर्व सूचना बंद केल्या. पहिले काही आठवडे हात विनाकारण खिशाकडे जाई.

तरीही एकट्याच्या निग्रहाला फार मर्यादा असतात, हे मला सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने शिकविले. महामारीच्या काळात ऑनलाइन शाळेच्या निमित्ताने मुलांच्या हाती मोबाइल आला तो शाळा उघडल्यावरही सुटेना, तेव्हा 2022 च्या ऑगस्टमध्ये गावातील स्त्रियांची सभा भरली आणि भोंगा घेण्याचे ठरले. संध्याकाळी सात वाजता तो वाजला की घरोघरीचे दूरदर्शन संच व मोबाइल बंद, ते साडेआठपर्यंत. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक यांनी दारोदार जाऊन लोकांची समजूत घातली. शेजारच्या घरात मालिका चालू असता आपल्या मुलाला पुस्तकापुढे बसविणे किती कठीण, हे त्या स्त्रियांनी नेमके ओळखले होते. म्हणून त्यांनी मुलाला दटावले नाही, सबंध गावाची संध्याकाळच मोकळी करून घेतली.

माझ्या घरी भोंगा नाही. सात वाजता सूनबाई राउटरचे बटण बंद करते, आणि नातू माझ्याकडे येऊन त्याच्या पणजीच्या गोष्टी विचारतो; ज्या चार-दोन आठवतात, त्या मी त्याला सांगतो.