तोंडावर पुटकुळ्या, डोक्यावर ऊन : जस्ताचे सनस्क्रीन आम्ही लावून पाहिले

मार्च उलटला की पारोळ्यात दुपारी बारानंतर रस्ते ओस पडतात. महामार्गावर ट्रक तेवढे पळत असतात. एप्रिल-मेमध्ये आपल्या जळगाव-धुळ्याचा पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो, हे कुणाला सांगायला नको. पण ऊन आहे म्हणून आपल्या वस्तीतली कामे थांबत नाहीत. कुणी पऱ्हाट्या उपटायला जाते, कुणी वीटभट्टीवर, कुणी बांधकामावर. मुली एसटीने अमळनेर-धुळ्याला कॉलेजला जातात. आणि १४ एप्रिलची मिरवणूक तर आपण ऊन पाहून काढत नाही.

या पानासाठी आयाबहिणी आम्हाला नेहमी एक प्रश्न विचारतात. "मुलीचे तोंड तेलकट आहे, पुटकुळ्या येतात, त्या गेल्या की काळे डाग राहतात. उन्हात गेली की डाग आणखी काळे. काय लावावे?" याचे उत्तर आम्ही पुस्तकातून देऊ शकलो असतो. पण मागच्या उन्हाळ्यात हा प्रश्न आमच्याच गल्लीत आला, म्हणून जे पाहिले तेच सांगतो.

सुरुवात कशी झाली

आमच्या गल्लीतली एक मुलगी, बारावीची. हुशार, वक्तृत्वात पुढे. चेहऱ्यावर पुटकुळ्या आल्या तशी ती स्कार्फ सोडेनाशी झाली. घरातसुद्धा तोंड झाकून बसायची. जयंतीला भाषण करणार नाही म्हणाली. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय एक ट्यूब आणली. "आठ दिवसांत डाग जातात, रंगही उजळतो," असे तिला सांगितले होते.

पंधरा दिवस खरेच चेहरा तुकतुकीत दिसला. घरचे खूश. ट्यूब संपली आणि तिसऱ्या दिवशी तोंड लालभडक झाले. आग होऊ लागली, पुटकुळ्या दुप्पट आल्या. पुन्हा ट्यूब लावली की बरे वाटायचे, सोडली की पुन्हा तेच. शेवटी आम्ही तिला धुळ्याला नेले. डॉक्टरांनी ट्यूब हातात घेऊन मागची बारीक अक्षरे वाचली आणि सांगितले, यात स्टिरॉईड आहे.

त्यांनी औषधे लिहून दिली आणि शेवटी एक ओळ लिहिली : रोज सकाळी जस्त असलेले सनस्क्रीन. आम्हाला प्रश्न पडला. आधीच तेलकट असलेल्या तोंडाला आणखी एक मलम कशासाठी? आणि कोणते?

जस्त म्हणजे आपल्या पत्र्यावरचे तेच

आपल्या घरावरच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून ज्या धातूचा मुलामा देतात, तो जस्त. इंग्रजीत झिंक. याच जस्तापासून झिंक ऑक्साइड नावाची पांढरी भुकटी तयार होते. अंगाला खाज सुटली की आपण जे गुलाबी कॅलामाईन लावतो, त्यातही ती असते.

उन्हातल्या अतिनील किरणांचे दोन प्रकार आपल्याला त्रास देतात. यूव्हीबी किरणांनी कातडी भाजते. यूव्हीए किरणे खोल जातात, डाग काळे करतात आणि कातडी लवकर सुरकुतवतात. झिंक ऑक्साइड दोन्ही प्रकार अडवते. बहुतेक किरणे ते शोषून घेते, थोडी परतवते. ते कातडीच्या वरच राहते, त्यामुळे नाजूक आणि चिडलेल्या कातडीला सहसा मानवते, डोळ्यांनाही फारसे झोंबत नाही.

आपल्या सावळ्या कातडीत मेलॅनिन जास्त, त्यामुळे ती गोऱ्या कातडीइतकी भाजत नाही. पण पुटकुळी बरी झाल्यावर मागे काळा डाग राहण्याचे प्रमाण आपल्यातच जास्त. त्या डागावर ऊन पडत राहिले तर तो महिनोन् महिने जात नाही. शिवाय पुटकुळ्यांवर देतात त्या काही औषधांनी, उदाहरणार्थ डॉक्सिसायक्लिन गोळीने किंवा ट्रेटिनॉइन मलमाने, कातडी उन्हाला हळवी होते. म्हणून डॉक्टर औषधाबरोबर सनस्क्रीन लिहितात.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. जस्ताच्या सनस्क्रीनने पुटकुळ्या बऱ्या होत नाहीत. ते फक्त उन्हापासून राखण करते.

तीन ट्यूब, चार चेहरे

ती मुलगी, तिची मावशी, बांधकामावर जाणारी एक वहिनी आणि आमच्या घरातली थोरली, अशा चौघींनी मिळून तीन प्रकार लावून पाहिले. ट्यूब वर्गणी काढून आणल्या. आधी प्रत्येकीने थोडेसे जबड्याच्या कडेला, कानाखाली तीन दिवस लावले. खाज, लाली काही आली नाही, तेव्हाच तोंडाला लावले.

पहिली ट्यूब निव्वळ जस्ताची, घट्ट आणि पांढरी. लावून मुलगी बाहेर आली तर तिची आजी म्हणाली, "काय वं माय, तोंडले चुना लाई उनी का?" सगळी गल्ली हसली, मुलगीही हसली. पण दुसऱ्या दिवशी तिने ती लावली नाही. सावळ्या चेहऱ्यावर झिंक ऑक्साइडचा पांढरा थर दिसतो, ही त्याची मोठी अडचण आहे. लाजेपायी माणूस अगदी थोडे लावतो आणि मग त्याचा उपयोग होत नाही.

दुसरी ट्यूब मऊ होती, पांढरेपणा कमी. पण दोन आठवड्यांत मावशीच्या कपाळावर बारीक पुरळ आले. मागची अक्षरे वाचली तर त्यात कसले कसले तेल आणि मेण. तेव्हा कळले की दोष जस्ताचा नव्हता. जस्त ज्यात कालवलेले असते ते तेलकट असेल, तर छिद्रे बुजतात.

तिसरी जेलसारखी हलकी आणि टिंटेड होती, म्हणजे किंचित मातकट रंगाची. हा रंग आयर्न ऑक्साइडचा असतो, लोखंडाच्या गंजाच्या जातीचा. त्याने पांढरेपणा झाकला जातो. दुसरा फायदा असा की वांग आणि काळे डाग ज्या दिसणाऱ्या उजेडानेही वाढतात, तो उजेडसुद्धा हा रंग काही प्रमाणात अडवतो. चौघींपैकी तिघींना हीच मानवली. वहिनींना मात्र घामात कोणतीच टिकली नाही. दुपारपर्यंत सगळे रुमालाला पुसून जायचे. त्यांच्यासाठी काय ठरले ते पुढे सांगतो.

ट्यूब घेताना काय वाचावे

पुढे मोठ्या अक्षरांत काय लिहिले आहे त्यावर जाऊ नका. ट्यूब उलटी करा. वाचता येत नसेल तर घरातल्या शिकलेल्या मुलाला वाचायला लावा.

- घटकांत झिंक ऑक्साइड आहे का? पुढे "मिनरल" लिहिलेले असते आणि मागे इतर रासायनिक घटकही निघतात. ते सगळ्यांनाच वाईट नसतात. पण ज्याची कातडी चिडलेली आहे किंवा डोळे झोंबतात, त्याने झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड एवढेच असलेले घ्यावे.
- एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त असावे. नीट लावले तर एसपीएफ १५ सुमारे ९३ टक्के, ३० सुमारे ९७ टक्के आणि ५० सुमारे ९८ टक्के यूव्हीबी किरणे अडवते. म्हणजे ३० च्या पुढे फरक थोडा. मोठ्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही.
- "ब्रॉड स्पेक्ट्रम" किंवा "पीए+++" लिहिलेले असावे. एसपीएफचा आकडा यूव्हीबीचा, ही खूण यूव्हीएची.
- "नॉन-कॉमेडोजेनिक" म्हणजे छिद्रे न बुजवणारे. तेलकट कातडीसाठी जेल किंवा पातळ लोशन बघा.
- मुदतीची तारीख बघा. ट्यूब पत्र्याखाली तापलेल्या फळीवर ठेवू नका, माठाजवळ गारव्याला ठेवा.

गुलाबी कॅलामाईन हे सनस्क्रीन नव्हे. त्यात जस्त असले तरी ते उन्हासाठी बनवलेले नाही.

लावायचे कसे, काढायचे कसे

तर्जनी आणि मधले बोट यांच्या लांबीइतक्या दोन रेषा काढा. तेवढे तोंड आणि मानेला लागते. घराबाहेर पडण्याआधी पंधरा मिनिटे लावा. घासू नका, थोपटून लावा, म्हणजे पांढरेपणाही कमी दिसतो. कान आणि मानेचा मागचा भाग विसरू नका. उन्हात असाल तर दर दोन तासांनी आणि घाम पुसल्यावर पुन्हा लावावे लागते.

संध्याकाळी ते धुऊन काढणे तितकेच महत्त्वाचे. जस्त नुसत्या पाण्याने जात नाही. सौम्य फेसवॉश किंवा साबणाने हलक्या हाताने धुवा. दगडाने, काथ्याने घासू नका. दिवसातून दोनदाच धुवा. वारंवार धुतल्याने तेलकटपणा जात नाही, कातडी मात्र कोरडी होऊन चिडते.

ढगाळ दिवशी सनस्क्रीन सोडू नका. ३१ जुलैला आपण लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जातो, तेव्हा आभाळ भरलेले असते, पण पातळ ढगांतूनही ही किरणे बरीच खाली येतात.

पैशाचा हिशेब

हे बोलल्याशिवाय लेख खरा होणार नाही. बऱ्यापैकी ट्यूब ५० ग्रॅमची, चारशे-पाचशे रुपयांना मिळते. एका वेळेला सुमारे एक ग्रॅम धरा. दिवसातून दोनदा लावले तर ट्यूब २५ दिवस जाते. निंदणीला जाणाऱ्या बाईची ही दीड-दोन दिवसांची मजुरी झाली. घरातल्या पाच माणसांना हे परवडत नाही, आणि पाचांनाही त्याची गरज नाही.

म्हणून वहिनींसाठी आम्ही ठरवले : मोठा सुती स्कार्फ, त्यावर कडा असलेली टोपी, पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, आणि जमेल तिथे अकरा ते चारमधले काम सावलीचे मागून घेणे. घट्ट विणीचे कापड घामाने पुसून जात नाही आणि रोज विकत घ्यावे लागत नाही. ट्यूब घ्यायची तर ज्याच्या तोंडावर डाग आहेत, वांग आहे, किंवा पुटकुळ्यांचे औषध चालू आहे, त्याच्यासाठी आधी.

स्कार्फ मात्र रोज धुवा. घामाचा, धुळीचा स्कार्फ दिवसभर गालाला घासला की पुटकुळ्या वाढतात. डोक्याला थापलेले तेलही स्कार्फखाली कपाळावर उतरते. तेल रात्री लावा, सकाळी धुवा. पुटकुळ्यांवर लिंबू, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा लावू नका.

या दोन गोष्टींपासून जपा

एक, स्टिरॉईडची मलमे. ती वाईट औषधे नव्हेत. योग्य आजारात डॉक्टर ती देतात. पण तोंडावर मनाने लावली की कातडी पातळ होते, लाल होते, लव वाढते, पुटकुळ्या उसळतात. २०१८ साली केंद्र सरकारने अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. चिठ्ठी मागितली नाही तरी आपण चिठ्ठीशिवाय घेऊ नये. बरेच दिवस लावत असाल तर एकदम बंद न करता डॉक्टरांना दाखवा.

दोन, नाव-पत्ता नसलेल्या डबीतल्या गोरेपणाच्या क्रीम. त्यांत पारा सापडतो. अकोल्यात एकाच घरातल्या तिघींना अशी क्रीम लावल्यामुळे मूत्रपिंडाचा आजार झाल्याचे २०२३ मध्ये समोर आले. क्रीम तोंडाला लावली आणि आजार मूत्रपिंडाला झाला, हे लक्षात ठेवा.

पुटकुळ्या मोठ्या, दुखऱ्या, पूधरल्या असतील, खड्डे पडत असतील, किंवा मूल घरात तोंड लपवू लागले असेल, तर वाट बघू नका. गावातल्या सरकारी दवाखान्यात दाखवा. पुढे गरज पडली तर धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय पारोळ्यापासून सुमारे ३५ किलोमीटरवर आहे. जाताना आधी लावलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्या. गरोदर बाईने ते आधी सांगावे. पुटकुळ्यांची काही औषधे गरोदरपणात चालत नाहीत, जस्ताचे सनस्क्रीन चालते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र काही लावण्याऐवजी सावलीत ठेवावे.

शेवटचे

त्या मुलीची आग दीड महिन्यात थांबली. पुटकुळ्या कमी व्हायला चार महिने लागले. डाग पुसट झाले आहेत, सगळे गेलेले नाहीत. गालावर दोन खड्डे राहिले. रंग पूर्वी होता तोच आहे, सावळा. आम्ही तिला आणि तिच्या आईला हेच पुन्हा पुन्हा सांगितले : ही ट्यूब गोरे होण्यासाठी नाही. सावळेपणा हा आजार नाही, त्याला औषध लागत नाही. राखायची ती कातडीची तब्येत.

यंदाच्या जयंतीच्या भाषणांच्या यादीत तिने स्वतःहून नाव दिले आहे. मिरवणुकीत तुम्हीही या. पाण्याची बाटली, सुती रुमाल आणि डोक्यावर टोपी घेऊन या.

जय भीम!